आई ‘नको’ म्हणाली, मी ‘द्या’ म्हणाले

चिकोडी तालुक्यातल्या एका मुलीचं पत्र आलं आहे. लग्न होऊन ती निपाणीला असते. पत्र पाच पानी आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून गाभा तेवढा तिच्याच शब्दांत देते.

“मावशी, सहा वर्षांपूर्वी उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं आणि माझ्या धाकट्या भावाचा खून झाला. मारणारा परका नव्हता. भिंतीला भिंत लागून घर. लहानपणी शाळा सुटली की दप्तर आमच्या कट्ट्यावर टाकायचा आणि आईच्या हातची भाकरी खाऊनच घरी जायचा. त्यांच्या घरात कन्नड, आमच्यात मराठी, पण उंबऱ्याबाहेर कोण कुठल्या भाषेत बोलतंय हे कधी कुणाच्या ध्यानातही आलं नाही. खटला चालू असतानाच वडील गेले.

यंदा आषाढात सेशन कोर्टानं त्याला दोषी ठरवलं. शिक्षा सांगण्याआधी साहेबांनी सरकारी वकिलांना विचारलं, घरच्यांना काही बोलायचं आहे का. मी उठले आणि ‘त्याला फाशी द्या’ म्हणाले. माझ्यामागून आई उठली. म्हणाली, ‘त्याला मारून माझा येणार आहे काय? माझा गेला. तिचापण एकुलताच आहे. तिचं घर कशाला बुडवू?’ दोन दिवसांनी जन्मठेप झाली.

गेटवर कुणीतरी मोबाईल पुढं धरला. मी म्हणाले, ‘फाशी द्या त्याला, नाहीतर तिन्हीसांजेला आई दाराकडं बघत बसते तेव्हा तिला काय सांगू ते तरी सांगा.’ फिरलं ते फक्त ‘फाशी द्या त्याला’. आईचा कोर्टाच्या पायरीवर बसलेला फोटो टाकून खाली कन्नडात ‘तायी क्षमिसिदळु’ लिहिलं. त्यानंतर जे सुरू झालं ते थांबलेलं नाही. म्हातारीनं पैसे खाल्ले म्हणतात. काहीजण येऊन तिच्या पाया पडतात. मला बाई आहे की कैदाशीण म्हणतात. बेंगळूरकडची, पुण्याकडची माणसं मराठी-कानडी करून भांडायलीत. सासरी म्हणतात, कॅमेऱ्यापुढं तोंड उघडायची गरज काय होती. सरकारी मदतीचा अर्ज आलाय, त्यावर आई सही करत नाही. लोक म्हणतील, बघा पैसे घेतले.

निकालानंतर आठ दिवसांनी त्याची आई आमच्या दारात आली. आईनं तिला पाण्याचा तांब्या दिला. मी त्याच पावली निपाणीला निघून आले. आईनं त्याला माफ केलं, तिच्या बोलण्यानं तो वाचला, हे मला सोसत नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच गौरीला माहेरी गेले नाही. आता भावाचा म्हाळ आलाय. चुलतभाऊ घालणार आहे. आईनं शेजारणीच्या फोनवरून निरोप धाडलाय, ‘येतीस काय?’ जाऊ का मावशी? आणि गेले तर आईशी काय बोलू?”

बाळ,

पहिल्यांदा पत्र वाचलं तेव्हा तिसऱ्या पानावर मिटून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पेन्सिल घेऊन बसले आणि एका शब्दाखाली रेघा मारत गेले. आईचं कोर्टातलं बोलणं तू शब्दाला शब्द लिहिलंस. त्यात ‘माफ’ हा शब्द नाही. पुढच्या पानांत मात्र तूच सहा वेळा लिहिलंस की आईनं त्याला माफ केलं. मग हा शब्द आला कुठून? फोटोखालच्या त्या ओळीतून. आई मराठीत बोलली, कुणीतरी आपल्या समजुतीनं ते कन्नडात घातलं, आणि तेच फिरून मराठीत तुझ्या मनात येऊन बसलं. तू तिथं होतीस, हातभर अंतरावर होतीस. तरी दोन महिन्यांत कानांनी ऐकलेलं मागं पडलं आणि लोकांनी लिहिलेलं पुढं आलं.

‘त्याला मारून माझा येणार आहे काय?’ यात त्या पोराबद्दलची माया मला तरी दिसत नाही. तिनं त्याचं नावसुद्धा घेतलं नाही. माया असलीच तर ती भिंतीपलीकडच्या बाईबद्दल आहे. आपल्या घरात जे झालं ते दुसऱ्या चुलीपाशी होऊ नये एवढंच ती म्हणाली. तिनं त्याला मनातून माफ केलं असेलही, नसेलही. ते तिला कुणी विचारलेलं नाही. तूही नाही.

आता तुझं बोलणं बघ. तुझ्या वाक्याचा पुढचा तुकडा लोकांपर्यंत गेलाच नाही. तिन्हीसांजेला आई दाराकडं बघते, तिला मी काय सांगू. तू फाशी मागितलीस ती आईकडं बघून, आणि तिनं ‘नको’ म्हटलं ते दुसऱ्या आईकडं बघून. तुझं वाक्य अर्ध्यावर तोडलं आणि तिच्या तोंडी नसलेला शब्द घातला. एवढ्या दोन गोष्टींवर तुमच्या घरात दोन महिने बोलणं बंद आहे.

आता तुझी दुसरी समजूत, तिच्या बोलण्यानं तो वाचला ही. ती काढून टाक. नुसता धीर द्यायला म्हणत नाही, कायदा तसाच आहे. मी २४ वर्षं कोर्टात बेंच क्लार्क म्हणून काढली, शिक्षेच्या कितीतरी सुनावण्या समोर बसून ऐकल्या. तुझ्या भावाच्या वेळी लागू असलेल्या खुनाच्या कलम ३०२ खाली शिक्षा दोनच, जन्मठेप किंवा फाशी. १९८० साली बचनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जो दंडक घालून दिला तो आजही चालतो. खुनाला जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद, तोही दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात, जिथं दुसरी शिक्षा पुरणारच नाही अशा ठिकाणी. न्यायाधीशानं गुन्हा बघायचा तसा गुन्हेगारही बघायचा. त्याचं वय, आधीची वागणूक, सुधारण्याची शक्यता. तू लिहितेस की तो तेव्हा बावीस वर्षांचा होता, आधी कधी पोलीस ठाण्याची पायरी चढलेला नव्हता, भांडण जागच्या जागी पेटलं. बाळ, आईनं तुझ्याबरोबर उभं राहून फाशीच मागितली असती तरी बहुधा जन्मठेपच झाली असती. आणि चुकून फाशी झाली असती तरी सेशन कोर्टाच्या शब्दावर ती अंमलात येत नाही. हायकोर्टानं ती कायम करावी लागते, म्हणजे आपल्या भागासाठी धारवाडच्या खंडपीठानं.

शिक्षेवरची सुनावणी म्हणजे काय हेही गावात नीट माहीत नसतं. दोषी ठरवल्यावर न्यायाधीशानं शिक्षेबद्दल ज्याचं ऐकून घ्यायलाच हवं तो आरोपी. कायद्यात तसं लिहिलंय. मेलेल्या माणसाच्या घरच्यांचं ऐकावं असं त्या कलमात कुठं लिहिलेलं नाही. २०१८ साली कोडगली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की शिक्षा ठरवताना ज्याच्यावर गुन्हा झाला त्या बाजूचंही ऐकण्याचा गांभीर्यानं विचार व्हायला हवा. ते प्रकरण आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलंच. तुम्हाला साहेबांनी बोलू दिलं ते चांगलंच केलं. पण ऐकून घेणं वेगळं आणि ते बोलणं मोजून शिक्षा देणं वेगळं. तुमची साक्ष म्हणजे मतदान नव्हतं. एक मत फाशीला, एक जन्मठेपेला, आणि म्हातारीच्या मतानं पारडं झुकलं, असं त्या खोलीत काही घडलं नाही.

अमेरिकेत फाशी होऊ शकेल अशा खुनाच्या खटल्यात शिक्षेची पायरी वेगळी चालते आणि घरचे ज्यूरीपुढं, म्हणजे निवाड्याला बसवलेल्या साध्या नागरिकांपुढं, उभे राहून आपलं दुःख सांगतात. १९८७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं फाशीच्या खटल्यांत हे बंद केलं होतं. त्यामागचा एक विचार मला फार मोलाचा वाटतो. काही घरांना चांगलं बोलता येतं, काहींना येत नाही, आणि काहींच्या मागं रडायलाच कुणी नसतं. मग ज्याचे नातेवाईक चांगलं बोलले त्याच्या जिवाची किंमत जास्त धरायची का? चार वर्षांनी, १९९१ साली, त्याच न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि घरच्यांना पुन्हा बोलू दिलं. प्रश्न मात्र तसाच राहिला.

माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगते. हुक्केरीकडचा एक बाप होता. तरणा मुलगा गेलेला. साहेबांनी विचारलं, काही सांगायचंय का. तो बराच वेळ पिंजऱ्याच्या कठड्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, “जेवण झाकून ठेवलं होतं, साहेब.” साहेबांना मराठी येत नव्हतं. मला कन्नडात सांगायला लावलं. मी म्हणाले, ‘ऊट मुच्चिट्टिद्दे’. आता ‘मुच्चिट्टिद्दे’चा दुसरा अर्थ लपवून ठेवलं असाही होतो. साहेबांनी विचारलं, काय लपवलं? मी सावरायला गेले, तोवर वेळ निघून गेली होती. कागदावर उमटलं एवढंच, की साक्षीदारास अधिक काही सांगावयाचे नाही. बाहेर वऱ्हांड्यात लोक म्हणत होते, बाप असून डोळ्यांत टिपूस नाही. आणि बाळ, त्या दिवशी मलाही तसंच वाटलं होतं. मुलगा रात्री घरी येणार म्हणून त्यानं ताट झाकलं होतं, ते मुलगा न येताच सकाळी उघडलं, हे घरी भात वाढताना माझ्या ध्यानात आलं. आजही ताटावर ताट झाकताना मला तो माणूस दिसतो.

म्हणून लोकांच्या बोलण्याबद्दल मला राग आहे, आणि तो इथं स्पष्ट सांगते. कोर्टात कुणी रडलं तर नाटक, नाही रडलं तर काळीज दगडाचं. फाशी मागितली तर सूडानं पेटलेली, नको म्हटलं तर विकली गेलेली. मग त्या बाईनं बोलायचं तरी काय? ज्याच्या घरचा माणूस गेलाय त्यानं कसं वागावं याचा एक साचा लोकांनी मनात तयार ठेवलाय, आणि त्यात जो बसत नाही त्याला ते दुसऱ्यांदा शिक्षा देतात.

आणि पैशाचं म्हणशील तर असं बोलणाऱ्यांनी एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. खुनाचा गुन्हा तडजोडीनं मिटत नाही. घरच्यांनी आपसात मिटवलं म्हणून खटला बंद होत नाही, कारण खटला सरकार चालवतं. तुझ्या आईनं शिक्षेच्या दिवशी जे सांगितलं ते विकत घेऊन त्या घराला काय मिळणार होतं? दोषी तर तो आधीच ठरला होता.

पाया पडणाऱ्यांबद्दलही मला काळजी आहे. शिव्या देणारे दिसतात तरी. पाया पडणारे तिला देवीच्या जागी बसवून जातात आणि मग तिला रडता येत नाही, चिडता येत नाही, एखाद्या रात्री त्या पोराला शाप द्यावासा वाटला तर तोही देता येत नाही. तुझी आई साठीच्या घरातली शेतकरी बाई आहे. तिला माणूस म्हणून भेटणारं सध्या तिच्या आसपास कुणी नसावं असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं.

मराठी-कानडीवाल्यांना तर मी उत्तरच देणार नाही. सीमेचा प्रश्न खरा आहे, आपल्या घरोघरी त्याची झळ बसलीय. पण पाण्याची पाळी कुठल्या भाषेत चुकत नसते. तुझ्या भावाचा जीव कुणीतरी आपल्या भांडणाचा दाखला म्हणून वापरावा हे मला सहन होत नाही, मग तो वापरणारा कुठल्याही बाजूचा असो. त्यांच्याशी वाद घालू नकोस. क्लिप ज्यांच्या गटात फिरते त्या ओळखीच्या माणसांना मात्र एक-एक करून फोन कर आणि सांग, ‘ते अर्धंच वाक्य आहे, काढून टाका.’ ओळखीचा माणूस फोनवर नाही म्हणत नाही. पैसे खाल्ल्याचं नावानिशी कुणी लिहिलं असेल तर तो मजकूर तारखेसकट जपून ठेव. बदनामीचा कायदा आहे. पण पुन्हा कोर्टाची पायरी चढायची का, हे आईला विचारल्याशिवाय ठरवू नकोस.

आपल्या देशात या दोन्ही वाटांनी बायका गेल्यात. १९९९ च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्स हे ऑस्ट्रेलियन मिशनरी आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत जाळून मारलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारणाऱ्यांना माफ केल्याचं जाहीरपणे सांगितलं. त्या ‘माफ’ हा शब्द स्वतः बोलल्या. तरी खटला चालला, २००३ साली मुख्य आरोपीला फाशी सुनावली गेली, २००५ साली हायकोर्टानं तिची जन्मठेप केली आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं जन्मठेप कायम ठेवली. आईनं माफ केल्यामुळं कुणी सुटलं नाही. आणि दिल्लीच्या निर्भयाची आई सात वर्षं फाशी मागत राहिली. जानेवारी २०२० मध्ये एका मोठ्या वकील बाईंनी तिला जाहीरपणे सुचवलं की तूही माफ कर. ती संतापली, मला हे सांगणाऱ्या तुम्ही कोण असं तिनं विचारलं. २० मार्च २०२० ला चौघांना फाशी झाली. मी दोघींपुढं हात जोडते. माफ करणारीला ‘कशाला माफ केलंस’ म्हणायचा हक्क मला नाही, आणि न करणारीला ‘कर’ म्हणायचाही नाही. तुझ्या घरात या दोन्ही बाया एका छपराखाली आहेत, एवढंच.

तुला फाशी हवी होती, अजूनही हवी असेल, तर त्याची लाज बाळगू नकोस. मी स्वतः फाशीच्या बाजूची नाही. हिंडलग्याच्या तुरुंगावरून जाताना आतल्या फासाच्या जागेचा विचार आला की माझं पाऊल जड होतं. पण माझा भाऊ कुणी मारलेला नाही. तुझ्या तोंडावर सभ्यपणा मागणाऱ्यांत मला बसायचं नाही. सासरच्या मंडळींना सांग, हवं तर हे वाचून दाखव: सहा वर्षं तारखांना उभी राहिलेली बाई एक मिनिट मोठ्यानं बोलली, त्यानं कुठल्याच घराची अब्रू गेलेली नाही.

शिक्षा वाढवून घ्यायला हायकोर्टात जाऊ का, असंही तू समासात लिहिलंयस. कुणी वकील त्यासाठी पैसे मागत असेल तर देऊ नकोस. सुटका झाली, कमी गुन्ह्यात दोषी ठरवलं किंवा भरपाई कमी दिली, तर घरच्यांना अपील करता येतं. शिक्षा कमी वाटते म्हणून येत नाही, ते सरकारनं करायचं असतं. अपील तो करील, तो त्याचा हक्क आहे. तेव्हा धारवाडचं नाव निघालं की घाबरून जाऊ नका. आणि ‘चौदा वर्षांत सुटून येईल’ हे गावात म्हणतात ते तसंच्या तसं खरं नाही. जन्मठेप म्हणजे जन्मभर. चौदा वर्षं प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय सरकारला सहसा त्याच्या सुटकेचा विचार करता येत नाही, आणि चौदा भरली म्हणून आपोआप दार उघडत नाही.

आता तो अर्ज. ज्याच्या घरचा माणूस असा गेला त्या घराला राज्याच्या योजनेतून भरपाई मिळते, अर्ज जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडं करायचा. ते पैसे सरकारी निधीतले असतात, त्या घरातले नाहीत. आईला हे नीट समजावून सांगणारं कुणी भेटलेलं दिसत नाही. तिला वाटतंय हे त्याच पैशांपैकी, ज्यांचा आळ तिच्यावर आहे. लोकांच्या जिभेनं केलेलं खरं नुकसान मला इथं दिसतं. मुलगा गेला, नवरा गेला, शेत कसायला माणूस नाही, आणि हक्काचे पैसे ती बाई अब्रू राखायला नाकारते. तू मुलगी आहेस. तू तिच्याशेजारी बसून त्या कागदावरची प्रत्येक ओळ वाचून दाखवलीस तर ती सही करील असं मला वाटतं. वाचून दाखवायचं, आग्रह नाही करायचा.

तर, जाऊ का असं विचारतेस. जा. म्हाळाच्या दिवशी सकाळी पाहुण्यासारखी नको, आदल्या दिवशी दुपारच्या गाडीनं जा. म्हाळाला भावकी जमते, आणि भावकीत तुम्हा दोघींकडं सगळे बघत बसतील. आदली संध्याकाळ तुमची दोघींची राहू दे. तू लिहिलेली ती तिन्हीसांजेची वेळ, आई दाराकडं बघत बसते ती, त्या वेळेला घरात अस.

बोलू काय, याचं मला एवढंच सुचतं. ‘तू त्याला का माफ केलंस’ असं विचारू नकोस, कारण ते तिनं म्हटलेलं नाही. ‘त्या दिवशी कोर्टात उठताना तुझ्या मनात काय होतं?’ असं विचार. मग गप्प बस. ती काही बोलली नाही तरी गप्प बस. तुझं पूर्ण वाक्यही तिनं ऐकलेलं नसेल, तिच्या कानावर तेवढी तोडलेली क्लिपच गेली असेल. ते पूर्ण वाक्य तिला सांग, एकदा, साध्या आवाजात.

भिंतीपलीकडची ती बाई कदाचित पुन्हा दारात येईल. तुला तिच्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, आत जाऊन बस. तुला तो अधिकार आहे. आईला तिला पाणी द्यायचं असेल तर तिलाही तो आहे. तांब्या भरून दिला म्हणजे पोराचा जीव विसरली असं नसतं. आपल्याकडं दारात आलेल्याला पाणी विचारतात, आणि तुझ्या आईला त्या क्षणी दुसरं काय करावं हेच कळलं नसेल. तू त्या रात्री निघून गेलीस तेव्हा तिला काय वाटलं, हे मात्र तुला आजवर माहीत नाही.

अर्जाचा कागद, निकालाची प्रत आणि तुझं आधार कार्ड पिशवीत घालून ने, पण म्हाळ झाल्यावर दुसऱ्या दिवशी बाहेर काढ. आदल्या संध्याकाळी स्वयंपाकाची तयारी चालली असेल तेव्हा आईला विचार, उद्याच्या पानात त्याच्या आवडीचं काय काय करायचं. तुला माहीत असलं तरी विचार.

तुझी,
मावशी